झोपेचं खानदान

आमच्या घरात झोप हा शिवीतला शब्द होता. माझे आप्पा निपाणीत एका छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून झाली की मालकाला विचारून ते स्वतःची पत्रकं छापायचे. कधी तंबाखूच्या वखारीतल्या बायांसाठी, कधी समाजमंदिराच्या जागेसाठी, कधी गल्लीतल्या तुंबलेल्या गटारासाठी. स्वस्तातला गुलाबी नाहीतर पिवळा कागद, त्यावर काळी शाई, आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात एकच ओळ: झोपलेल्या कामगारा, जागा हो. कधी कामगाराच्या जागी बांधव, कधी भगिनी, कधी नागरिक. विषय कोणताही असो, समाज झोपलेला असायचा आणि आप्पा त्याला उठवत असायचे. उरलेल्या पत्रकांची माझ्या पुस्तकांना कव्हरं व्हायची, फळीवर डब्यांखाली तीच अंथरलेली असायची, आईची भाकरीही त्यातच बांधली जायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती या पत्रकांवर. 'झ' मला 'ग'च्या आधी यायला लागला.

त्या घरात दुपारी कुणी आडवं होत नसे. तापानं फणफणले तरी आप्पा भिंतीला टेकून ताठ बसायचे. पाहुणा जेवून लवंडला तर ते काही बोलायचे नाहीत, पण मोठ्यानं खाकरत राहायचे, आणि पाहुणा कसनुसा हसत उठून बसायचा. पहाटे ते सगळ्यांच्या आधी उठून अंगणात उभे राहून म्हणायचे, "उठा रं, कवाच उजाडलंय." उजाडलेलं नसायचं. आई मात्र त्यांच्याही आधी उठलेली असायची. चुलीपुढं भाकरी थापल्याचा थपथप आवाज अंधारातच सुरू झालेला असायचा, पण त्या आवाजावर कधी पत्रक निघालं नाही.

आई वखारीत जायची. पाला चाळायचा, काड्या वेगळ्या करायच्या, भुकटी पाखडायची. तोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या तीसेक बाया आणि त्यांच्यावर तरंगणारी तपकिरी धूळ. वखारीचं लुगडं वेगळं होतं, ते मागच्या दारी तारेवर असायचं, घरात यायचं नाही. आल्या आल्या आई न्हाणीत जायची, राखेनं हात घासायची, मगच पिठाला हात लावायची. तरी भाकरीला एक कडवट चव असायचीच. कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि ती भाकरी, आणि वर आप्पांच्या बोटांना येणारा शाईचा वास. नवीन माणूस आमच्या घरी आलं की आधी शिंकायचं, मग नमस्कार करायचं.

आत्मकथन लिहायचं हे वय नाही असं मला लोक सुनावतात. तिशी ओलांडून फार दिवस झाले नाहीत, आताच कसली आठवण, म्हणतात. पण राग शिळा होऊ द्यायचा नसेल तर तो वेळेवर लिहावा लागतो. म्हातारपणी लिहिलेल्या पुस्तकांत सगळ्यांना माफी मिळालेली असते. मला ती द्यायची नाही.

सातवीनंतर मला बेळगावात कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. राहायला मी पिरनवाडीला मावशीकडे. तिथं नळाला पाणी यायचं ते पहाटे, आणि ते भरायचं काम माझं. मग बस, मग शाळा. तिसऱ्या तासाला इंग्रजी असायचं, खिडकीतून ऊन पाठीवर यायचं आणि माझी मान पुस्तकावर जायची. एक दिवस टीचर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. वर्गाकडे बघून शांतपणे म्हणाल्या की ही मुलगी लेथार्जिक आहे. शब्द कुणालाच माहीत नव्हता, पण तो कशाचा आहे हे सगळ्यांना कळलं आणि वर्ग हसला. माझ्याच बाकावर एका कर्नलची मुलगी बसायची. तीही पेंगायची, आणि ती पेंगली की टीचर तिच्या कपाळाला हात लावून विचारायच्या, टायर्ड आहेस का? एकच बाक, एकच ऊन, एकच झोप. तिची झोप थकवा ठरली, माझी आळस.

मी त्या संध्याकाळी तो शब्द डिक्शनरीत काढला. मला त्या शब्दानं मारलं होतं, म्हणून मी त्याचं सगळं खानदान पाठ करायचं ठरवलं. स्लंबर, डोझ, ड्राउझी, टॉर्पर, डॉर्मंट, हायबरनेशन, स्टुपर, कोमा. मी बसमध्ये ते शब्द पुटपुटायचे आणि शेजारची बाई मला मंत्र येतो की काय म्हणून बघायची. इंग्रजांनी झोपेचीसुद्धा उतरंड लावून ठेवली होती. राजकन्या झोपली तर ती स्लंबर, बी मातीत पडून राहिलं तर ते डॉर्मंट, म्हणजे त्याला उद्या कोंब फुटणार याची खात्री. साप-बेडूक थंडीत निपचित पडले तर टॉर्पर, त्यातही निसर्गाची शहाणीव. माणूस कामाला आला आणि पेंगला, की लेथार्जी. आपल्याकडेही काही कमी नाहीत. डुलकी, पेंग, झापड, गुंगी, ग्लानी, मूर्च्छा. पण आपल्यात निदान ग्लानी आलेल्या माणसाला कुणी पाणी तरी विचारतं.

त्या टीचरनं मला एक गोष्ट मात्र नीट शिकवली, ते मी नाकारत नाही. मी एवढे शब्द विचारते म्हटल्यावर त्यांनी एकदा फळ्यावर जिना काढला. वरच्या पायरीवर ड्राउझी: हाक मारली की माणूस ओ देतो. त्याखाली लेथार्जी: ओ देतो आणि पुन्हा बुडतो. त्याखाली स्टुपर: हाकेनं नाही, चिमटा काढला तरच हलतो. सगळ्यात खाली कोमा: चिमट्यानंही नाही. खडू ठेवून त्या म्हणाल्या की हे शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नसतात. माझ्यासाठी त्यांनी स्वतः कोणता शब्द कुणाच्या जागी वापरला होता, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

नववीची परीक्षा संपवून मी निपाणीला आले तेव्हा आप्पांचं नवीन पत्रक वखारीच्या दारात वाटलं गेलं होतं. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लावतात, त्यांना आधार नसतो, आत हवा येत नाही, हे सगळं त्यात होतं. खरं होतं. पण वर तीच ओळ, भगिनींसाठी. आईच्या शेजारी बसणाऱ्या शांताक्का जिभेनं फार तिखट होत्या. त्यांनी मला दारातच धरलं.

"काय गं सुजे, आमी झोपलोय म्हणं. तुज्या आप्पाला सांग, येक दिस पाखडायला ये म्हणावं. निजायला जागा आमी देतो."

सगळ्या बाया हसल्या. आईही हसली, पदराआड. तिचे डोळे मात्र हसले नाहीत, एवढं मला दिसलं.

वखारीतली एक रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर घडलं. तंबाखू अंगात भिनली की माणसाला ती लागते. डोकं गरगरतं, मळमळतं, उलटी होते, डोळे आपोआप मिटतात. नव्या बाईला आठवड्यातून दोनदा लागते, जुनीलाही कधीमधी. मग बाकीच्या तिला उचलून मागच्या लिंबाखाली रिकाम्या बारदानावर निजवतात, चिंचगुळाचं पाणी पाजतात, आणि तिच्या वाटणीचा पाला आपसात वाटून घेतात, म्हणजे मुकादमाला तिचा खाडा मांडता येत नाही. तिला उठवायचं नाही हा नियम. उतरेपर्यंत झोपू द्यायचं. इतकी माया असलेली दुसरी रीत मी कुठल्याही कारखान्यात पाहिलेली नाही. त्या रीतीनंच आईला फळ्यावरच्या त्या जिन्याच्या तळाशी नेलं.

त्याच सुट्टीत एक दिवस मी दुपारी आईचा डबा घेऊन गेले तर ती लिंबाखाली होती. लागलीया, शांताक्का आतूनच म्हणाल्या, वकली दोनदा, झोपू दे. मी शेजारी बसले. हाक मारली. आईनं डोळे उघडले, "आलीस व्हय," म्हणाली आणि मिटले. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली. तिनं नुसतं हुं केलं. मग ती घोरायला लागली. माझी आई घोरत नसे. एका खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे माहीत असतं. मी तिला हलवलं, गदागदा हलवलं, तिनं डोळे उघडले नाहीत. हाताला जोरात चिमटा घेतला तेव्हा तिनं हात जरासा ओढला, बाकी काही नाही. माझ्या डोळ्यापुढं तो फळा उभा राहिला. तंबाखू उतरते तेव्हा माणूस वर येतो. आई एकेक पायरी खाली चालली होती.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर कानामागे केसांत टेंगूळ लागलं. मी आत धावले आणि विचारलं आई कुठं पडली का. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कळलं. सकाळी थप्पीवरचं एक भरलेलं पोतं घसरून तिच्या डोक्यावर आलं होतं. ती उठून बसली होती, काय न्हाय झालं म्हणून हसलीही होती. मुकादमानं तिला पाणी दिलं आणि सांगितलं की बसून राहू नको, हात चालव. तिनं दुपारपर्यंत हात चालवला. मग उलटी झाली, गरगरलं, आणि सगळ्यांना वाटलं तंबाखूच. उलटीही तीच, गरगरणंही तेच. इतकी वर्षं प्रत्येक चक्कर तंबाखूचीच निघाली होती, तर हीच वेगळी आहे हे कुणी कसं ओळखावं? मी त्या बायांवर रागावले नाही. ज्या धंद्यानं बेशुद्ध पडणं ही रोजची गोष्ट करून टाकली, त्याच्यावर रागावले आहे, आणि अजून आहे.

दारात मालाचा टेम्पो उभा होता. मुकादम म्हणाला की तो मालासाठी आहे, झोपलेल्या बाईला घेऊन कुठं हिंडता, तासाभरात उठंल. शांताक्कांनी पदर खोचला आणि आईचे पाय उचलले.

"मालच हाय की रं ही. तुज्या पोत्याखाली आलती. चढीव म्हणतो न्हवं."

कोल्हापूर जवळ होतं. पण त्या आठवड्यात सीमेवरून पुन्हा तणातणी चालली होती, कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवून ठेवत होते, म्हणून टेम्पो उलट्या दिशेला, बेळगावकडे निघाला. दुप्पट वाट. कुणाचा नकाशा बरोबर यावर दोन्हीकडचे पुढारी वर्षानुवर्षं घसा फोडतात; माझ्या आईचं डोकं हौद्यात माझ्या मांडीवर होतं आणि तिला त्यातल्या एकाचाही नकाशा उपयोगी पडला नाही. वाटेत आप्पा छापखान्यातून तसेच शाईच्या हातांनी चढले. मुकादमही आला. काळजीनं नाही. आधी बोलायला आला होता.

आणि तो आधी बोललाच. दवाखान्यात आम्ही आईला स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत त्यानं कानडीत सांगून टाकलं होतं की बाईला तंबाखू लागलीय, कामावर झोपली होती. डॉक्टर कोवळा होता, दमलेला होता. त्यानं हाक मारली, सलाईन लावलं आणि आप्पांकडे बघून म्हणाला, "मलग्यार, मलग्यार." झोपल्यात. मग शेजारच्या डॉक्टरला इंग्रजीत म्हणाला की ड्राउझी आहे, सकाळपर्यंत उठेल. आणि पडदा ओढून दुसऱ्या खाटेकडे वळला.

आप्पा खाटेशी बसले. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना उठवलं, त्यानं आईच्या पायावर हात ठेवला, तोही असा हलका की तिची झोप मोडू नये.

"झोपू दे तिला, सुजे," ते म्हणाले. "किती वर्सांनी झोपलीया."

आप्पांचं ते बोलणं आठवलं की आजही मला उठून खोलीत फेऱ्या माराव्या लागतात. त्यांना तिचा थकवा माहीत होता. पहिल्यापासून माहीत होता. आणि तरी पत्रकावर ती ओळ येत राहिली.

मी म्हटलं, "आप्पा, ही झोप न्हाय."

मी पडदा बाजूला सारून त्या डॉक्टरला परत बोलावलं. माझं इंग्रजी तेव्हा पाठांतराचं होतं, वाक्यं जुळत नव्हती, पण शब्द माझे होते. मी त्याला म्हटलं, नॉट ड्राउझी, सर. दुपारी ड्राउझी होती. मग लेथार्जी. मग स्टुपर. आणि त्याच्यासमोर आईच्या हाताला मी जीव खाऊन चिमटा काढला. आई हलली नाही. दुपारी तिनं हात ओढला होता, आता तेवढंही नाही. खालची शेवटची पायरी होती ती, आणि तिचं नाव मी घेतलं नाही. ते त्यानं घेतलं. मी त्याचा हात धरून आईच्या कानामागच्या टेंगळावर ठेवला आणि पोतं पडल्याचं सांगितलं. त्यानं टॉर्च काढून तिच्या डोळ्यांत मारला, एकात, मग दुसऱ्यात, आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानंतर तिथं कुणीच हळू चाललं नाही. दिवेलागणीला आईचं डोकं भादरलेलं होतं आणि डोक्यात साकळलेलं रक्त काढायला ती ऑपरेशनला आत गेलेली होती.

ती परत आली. लगेच नाही. बरेच दिवस ती त्या तळाशी होती आणि आम्ही काठावर बसून हाका मारत होतो. शांताक्का आळीपाळीनं बाया घेऊन यायच्या, खाटेशी बसून वखारीतल्या गप्पा मारायच्या, मुकादमाची नक्कल करायच्या. एक दिवस अशाच नकलेला आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. दुसरा कोपरा आजही नीट हलत नाही, उजवा हातही अर्धाच तिचा आहे. मालकाच्या माणसांनी चौकशीत सांगितलं की बाई थप्पीला टेकून झोपली होती, तिच्याच धक्क्यानं पोतं पडलं. एका शब्दानं त्यांनी थप्पी, छत, हवा, सकाळपासून दुपारपर्यंतचं तिचं काम, सगळं पुसून टाकलं. बाया उभ्या राहून एकेक करून सांगत होत्या की ती पाखडत होती. लिहून घेणारा विचारायचा, पण नंतर झोपली होती ना? आणि बायांना हो म्हणावं लागायचं.

शाळा उघडल्यावर टीचरनं माझ्यासाठी पुन्हा एकदा तोच शब्द वापरला. मी उभी राहिले. म्हटलं, "टायर्ड. टायर्ड म्हणा, टीचर." वर्ग हसला नाही. मला बाहेर उभं केलं गेलं, ते मी उभी राहिले.

पण त्याच्याही आधीचं सांगायचं राहिलं. आई घरी आली त्या आठवड्यात आप्पांनी तिच्यासाठी पत्रक काढलं. वखारीच्या मालकाचं नाव घेऊन, पोतं कसं पडलं, मुकादम काय बोलला, सगळं. रात्रीचा दिवस करून लिहिलेलं, आप्पांनी त्याहून चांगलं कधी लिहिलं नाही. गठ्ठा घेऊन ते आईच्या अंथरुणाशी आले आणि वाचायला लागले. वरची ओळ त्यांच्या तोंडातून सवयीनं आली: झोपलेल्या भगिनींनो.

आईनं डावा हात वर केला. तिला तेव्हा एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा.

"झोपलो... न्हवतो," ती म्हणाली. दम घेतला. "पाडलं... आमास्नी."

आप्पांनी गठ्ठा खाली ठेवला. पुन्हा छापायला कागद नव्हता. मग ते खाली बसले, कात्री मागितली, आणि गठ्ठ्यातल्या एकेका पत्रकाची वरची पट्टी कापायला लागले. मीही बसले. दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारात बिनडोक्याची पत्रकं वाटली गेली. शांताक्कांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि आप्पांना विचारलं की मथळा कुठं गेला. आप्पांनी आईचं नाव घेतलं, "यशोदेनं काडला." शांताक्कांनी कागद घडी करून पोलक्यात ठेवला. आप्पांचं पत्रक त्यांनी तसं ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

कापलेल्या पट्ट्यांचा ढीग घरी कोपऱ्यात पडला होता. झोपलेल्या भगिनींनो, झोपलेल्या भगिनींनो, झोपलेल्या भगिनींनो. आईनं मला खुणेनं तो बंबात घालायला सांगितला. पाणी चांगलं कढत तापलं, आणि दवाखान्यातून आल्यावरची तिची पहिली अंघोळ त्या पाण्यानं झाली.